जुन्या डॅशबोर्डाचे विज्ञान

घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून बग्गी हाकणाऱ्याच्या पुढ्यात एक उभी फळी लावलेली असे. इंग्रजीत तिला डॅशबोर्ड म्हणत. पुढे घोडा गेला आणि इंजिन आले. चिखल अडवण्याचे काम उरले नाही, पण फळी आणि तिचे नाव टिकून राहिले. ती चालकाच्या नजरेसमोर असल्यामुळे वेग, पेट्रोल, पाण्याचे तापमान, तेलाचा दाब सांगणारी यंत्रे हळूहळू तिच्यावर येऊन बसली.

आजच्या गाडीत ही माहिती बहुधा एका पडद्यावर उमटते आणि तिच्यामागे काय घडले ते डोळ्यांना दिसत नाही. १९४० ते १९७० या काळातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचे तसे नव्हते. त्यांच्या डॅशबोर्डावरील प्रत्येक काट्यामागे पदार्थविज्ञानाचा एखादा नियम अगदी उघडपणे काम करतो. एक काटा चुंबक हलवतो, दुसरा उष्णता, तर तिसरा वाफेचा दाब. शाळेत हे सर्व नियम आपण वेगवेगळ्या इयत्तांत शिकवतो. इथे ते एकाच फळीवर शेजारी शेजारी सापडतात.

अशा जुन्या डॅशबोर्डाची दुरुस्ती कशी करतात आणि ती करताना कोणते विज्ञान कामाला येते, हे या लेखात पाहू. फळीला पॉलिश करून काचा चकचकीत केल्या की दुरुस्ती झाली, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मते दुरुस्तीची खरी परीक्षा एकाच प्रश्नाने होते : काटा खरे बोलतो का? पेट्रोल संपलेले असताना टाकी अर्धी भरली आहे असे सांगणारा काटा कितीही सुंदर असला तरी निरुपयोगी आहे. पाणी उकळत असताना ‘सर्व ठीक’ म्हणणारा काटा तर इंजिनाचा घात करतो.

आपल्याकडच्या गाड्या

एम.जी., ट्रायम्फ, जॅग्वार या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या आपल्याकडे थोड्याच आल्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती. मात्र त्यांच्यापैकी एकीची सख्खी बहीण भारतात तयार होत होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेरल्ड’ ही गाडी बनवली. ही मूळची इंग्लंडमधील ट्रायम्फ हेरल्ड होय. याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही दोन आसनी स्पोर्ट्स गाडी काढली. दोन्ही गाड्यांचे बाह्यरूप जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने आखले होते. म्हणून स्पिटफायरच्या डॅशबोर्डाबद्दल जे म्हणता येते त्यातील पुष्कळसे हेरल्डलाही लागू पडते.

या गाड्यांना आता कायद्यानेही वेगळे स्थान मिळाले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याची सोय तिने झाली. सांगाडा, बाहेरचा साचा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले असू नयेत, अशी अट आहे. डॅशबोर्डाचा उल्लेख त्या अटीत नाही, पण ‘मूळ स्वरूप’ या शब्दांमागची भावना त्यालाही लागू होते. मूळचे किती राखायचे आणि नवे किती घालायचे, हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्याला पावलोपावली पडतो.

समजा, नागपूरच्या प्रताप नगरातील एका घराच्या पोर्चमध्ये अशी एक गाडी बरीच वर्षे उभी आहे. लाकडी फळीला भेगा पडल्या आहेत. वेगाचा काटा थरथरतो. पेट्रोल आणि तापमान यांचे काटे नेहमी जास्तच दाखवतात. प्रताप नगर मुद्दाम निवडले, कारण या यंत्रांचा शत्रू काळ आहे तसेच हवामानही आहे. इंग्लंडच्या थंड, दमट हवेसाठी बनवलेली फळी नागपूरच्या मे महिन्यात काय करते, हे पुढे दिसेलच.

सुरुवात वहीपासून

पहिले हत्यार स्क्रू-ड्रायव्हर नसून वही आहे. काहीही उघडण्यापूर्वी प्रत्येक कोनातून फोटो घ्यावेत आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. बॅटरी आधी सोडवावी, आणि सोडवताना सांगाड्याला जोडलेले टोक प्रथम काढावे.

ब्रिटिश गाड्यांमध्ये तारांचे रंग ठरलेले असत. तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्याच प्रवाहाची पण फ्यूजमधून आलेली. लाल बाजूच्या दिव्यांची, निळी मोठ्या दिव्यांची आणि काळी सांगाड्याला जाणारी. मात्र पन्नास-साठ वर्षांत अनेक मिस्त्रींचे हात लागलेले असतात. ज्याला जो रंग मिळाला तो त्याने जोडला असेल. तेव्हा रंगावर विसंबू नये, मीटर लावून खात्री करावी.

आणखी एक गोष्ट आधीच तपासावी लागते. आज बहुतेक गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत धन टोक जोडलेले असे. उदाहरणार्थ, एम.जी.बी. या गाडीत हा बदल १९६७ मध्ये झाला. जुन्या तारा, दिवे आणि उष्णतेवर चालणारे काटे यांना दिशेचा फरक पडत नाही. पण नवे इलेक्ट्रॉनिक भाग उलटे जोडले गेले तर क्षणात जळतात.

तिसरी खबरदारी जिवाशी संबंधित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः विमानांच्या आणि लष्करी वाहनांच्या यंत्रांत, अंधारात चमकण्यासाठी काही तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावलेला असे. अशी यंत्रे जुन्या बाजारातून गाड्यांतही येऊन बसलेली असू शकतात. रंग आता चमकत नाही म्हणून तो निर्धोक झाला असे मानणे चूक आहे. चमक देणारे झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होते, पण रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणजे चमक विझली तरी किरणोत्सर्ग जवळपास जसाच्या तसा शिल्लक असतो. अशी शंका आल्यास काच उघडू नये, रंग खरवडू नये. त्याची धूळ श्वासातून शरीरात जाणे हा खरा धोका आहे. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाने तपासणी करून घ्यावी. शाळेत असे यंत्र हाताळूच नये.

वेगाचा काटा : चाकाशी न जोडलेला

स्पीडोमीटरकडे गिअरबॉक्सपासून एक लवचिक केबल येते. बाहेरची नळी स्थिर असते आणि आतली पिळाची तार फिरते. या तारेच्या टोकाला एक लहान चुंबक असतो. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते आणि वाटीच्या दांडीवर काटा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की चुंबक आणि वाटी यांचा स्पर्श कुठेच होत नाही. शिवाय ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही. मग वाटी फिरते कशी?

फिरत्या चुंबकामुळे वाटीतील चुंबकक्षेत्र सतत बदलते आणि धातूमध्ये भोवऱ्यासारख्या गोल फिरणाऱ्या विद्युतधारा निर्माण होतात. या भोवरी धारा आपल्याला निर्माण करणाऱ्या बदलाला विरोध करतात, म्हणजेच चुंबकामागे जाऊ पाहतात. वाटी ओढली जाते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त आणि काटा तितका पुढे. फिरत्या तांब्याच्या चकतीवर टांगलेली चुंबकसूची चकतीमागे ओढली जाते, हे आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२४ च्या सुमारास पाहिले होते. त्याचे कारण फॅरेडेने उलगडले. याच तत्त्वावर वेग दाखवण्याचे पेटंट ओटो शुल्झे याने जर्मनीत १९०२ मध्ये घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या बहुतेक गाड्या त्यावर चालल्या.

काटा थरथरत असेल तर दोष बहुधा केबलमध्ये असतो. उन्हाळ्यांमागून उन्हाळे गेले की आतले ग्रीज वाळते, तार अडखळते आणि एकदम सुटते. तार बाहेर काढून धुवावी व योग्य ग्रीजचा अगदी पातळ हात द्यावा. ग्रीज जास्त झाले तर ते केबलमधून वर चढून यंत्राच्या आत जाते आणि वाटीला चिकटते.

काटा खरा की खोटा, हे तपासण्याचा मार्ग तबकडीवरच लिहिलेला असतो. ‘स्मिथ्स’ या कंपनीच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरात १००० किंवा तत्सम आकडा असतो. केबलच्या किती फेऱ्यांना एक मैल, याचा तो आकडा. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. म्हणून १००० आकड्याच्या यंत्राची केबल मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरवली की काटा बरोबर ६० वर यायला हवा. फेऱ्या मोजता येतील असे फिरते यंत्र असले की टेबलावरच तपासणी होते.

तरीही रस्त्यावर चूक राहू शकते, कारण स्पीडोमीटर वेग मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. मूळ मापाचे टायर न मिळाल्याने ५ टक्के लहान व्यासाचे बसवले असतील, तर काटा सुमारे ५ टक्के जास्त दाखवणार. ज्या नागपूरला शून्य मैलाचा दगड आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना अंतराच्या प्रमाणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. रस्त्यावरच्या दोन किलोमीटर-दगडांमधले अंतर काटा ताशी ६० किलोमीटरवर स्थिर ठेवून बरोबर ६० सेकंदांत कापले गेले, तर काटा खरा. आता मोबाइलमधील उपग्रहाधारित वेगाशीही ताडून पाहता येते. वेळ किंवा वेग पाहण्याचे काम अर्थातच शेजारी बसलेल्याने करावे.

आता नागपूरचा उन्हाळा. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या दिवशी उन्हात तासभर ठेवलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डाचे तापमान सरासरी ६९ अंशांपर्यंत गेले. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे आपण जाणतोच. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वाटी २५ ऐवजी ६५ अंशांवर असेल तर रोध १६ टक्क्यांनी वाढेल, भोवरी धारा त्या प्रमाणात घटतील, आणि खऱ्या ८० च्या जागी काटा ६९ च्या आसपास दाखवेल. म्हणजे गाडी जास्त वेगात आणि चालक निश्चिंत. यावर उपाय म्हणून चांगल्या स्पीडोमीटरमध्ये चुंबकाला निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची एक पट्टी लावलेली असते. थंड असताना ती चुंबकाचा काही प्रभाव स्वतःतून वळवते. तापल्यावर तिची ही क्षमता कमी होते आणि जास्त प्रभाव वाटीकडे जातो. एक घट दुसरी घट भरून काढते. साफसफाई करताना ही पट्टी निरुपयोगी समजून काढून टाकली, तर काटा तापमानाबरोबर बदलत जाईल आणि खोटे बोलू लागेल.

पेट्रोलचा काटा : उष्णतेने वाकणारा

टाकीत एक तरंगता फुगा असतो. पेट्रोल कमी झाले की तो खाली येतो आणि त्याच्या दांडीला जोडलेला रोध बदलतो. १९६० च्या दशकातील अनेक स्मिथ्स यंत्रांत टाकी रिकामी असताना हा रोध अडीचशे ओहमच्या पुढे, अर्धी असताना सत्तरच्या आसपास आणि भरलेली असताना विसाच्या आसपास असे. रोध कमी म्हणजे विद्युतधारा जास्त. डॅशबोर्डावरच्या यंत्रात ही धारा एका द्विधातू पट्टीभोवती गुंडाळलेल्या तारेतून जाते. पट्टीचे दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून तापल्यावर ती वाकते आणि काटा ढकलते. पट्टी तापायला वेळ लागतो, त्यामुळे चावी फिरवल्यावर काटा सावकाश वर चढतो. हा दोष नसून सोय आहे. वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचत नाही.

पण इथे एक अडचण आहे. बारा व्होल्टची म्हटलेली बॅटरी इंजिन चालू असताना १४ व्होल्टपर्यंत जाते. उष्णता विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाराचा वर्ग १४४ आणि चौदाचा १९६. म्हणजे पेट्रोल तेवढेच असूनही केवळ इंजिन सुरू झाल्यामुळे तारेत छत्तीस टक्के अधिक उष्णता निर्माण होईल आणि काटा खोटे बोलेल.

यावरचा उपाय म्हणजे फळीच्या मागे लावलेली एक छोटी डबी, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्यातही एक द्विधातू पट्टीच असते. धारा वाहते, पट्टी तापते, वाकते आणि जोड सुटतो. पट्टी निवते, जोड पुन्हा लागतो. असे अखंड चालू राहते. तुटक तुटक मिळणाऱ्या धारेने होणारी उष्णता सलग १० व्होल्ट दिल्याइतकी होते. बॅटरी १२ व्होल्टची असताना जोड सुमारे ६९ टक्के वेळ लागलेला असतो आणि १४ व्होल्टला सुमारे ५१ टक्के वेळ. दहाचा वर्ग शंभर. त्याला १४४ ने आणि १९६ ने भागून विद्यार्थ्यांना हे आकडे स्वतः काढता येतील. मोजणारे यंत्र उष्णतेवर चालते, म्हणून त्याचा रक्षकही उष्णतेवरच चालणारा निवडला. हीच या रचनेतील खुबी आहे.

आता आपल्या गाडीकडे वळू. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे जास्त दाखवतात. दोन वेगळी यंत्रे एकाच वेळी, एकाच दिशेने बिघडण्याचा संभव कमी. मग दोघांत सामाईक काय आहे ते शोधावे. सामाईक आहे ती हीच डबी. तिचा सांगाड्याशी असलेला जोड गंजून तुटला, तर आतली पट्टी तापणेच थांबते, जोड कधी सुटत नाही आणि पूर्ण १२-१४ व्होल्ट पुढे जातात. स्क्रूखालचा गंज घासून काढला की कित्येकदा दोन्ही काटे पुन्हा जागेवर येतात. याउलट तापमान बरोबर आणि पेट्रोलच तेवढे चुकीचे असेल, तर डबी निर्दोष आहे. अशा वेळी दोष टाकीतील फुगा, त्याचा रोध किंवा तिथवर जाणारी तार यांत शोधावा. यंत्र बदलण्याआधी असा विचार केला तर खर्च वाचतो आणि मूळ भागही वाचतो.

काट्याची तपासणी करण्यासाठी टाकीकडची तार थेट सांगाड्याला टेकवण्याची रीत गॅरेजमध्ये दिसते. ती टाळावी. डबी बिघडलेली असेल तर यंत्रातली गुंडाळी जळू शकते. त्याऐवजी बाजारात मिळणारा ६८ ओहमचा रोध जोडावा. काटा अर्ध्यावर येऊन थांबला तर यंत्र ठीक. हे काम उघड्या टाकीजवळ मुळीच करू नये, कारण पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

डबी पूर्ण निकामी असेल तर तिच्याच जुन्या खोक्यात ७८१० या क्रमांकाचा इलेक्ट्रॉनिक भाग बसवता येतो. तो सलग १० व्होल्ट देतो. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. मात्र हा भाग ऋण टोक सांगाड्याला असलेल्या गाडीसाठी आहे, हे आधी सांगितलेल्या कारणाने विसरू नये.

तापमानाचा काटा : ईथरची वाफ

एम.जी.ए. आणि सुरुवातीच्या एम.जी.बी. गाड्यांत पाण्याचे तापमान विजेशिवाय मोजले जाई. इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या धातूच्या लहान नळकांड्यात ईथर भरलेले असते. तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डापर्यंत येते. पाणी तापले की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो आणि यंत्रातली चपटी, वाकवलेली नळी थोडी सरळ होते. जत्रेत मिळणारी, फुंकर मारली की उलगडणारी कागदी पिपाणी आठवावी. तत्त्व साधारण तेच. या नळीचे पेटंट यूजीन बूर्दों या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये घेतले. तेलाचा दाब दाखवणारे यंत्रही तिच्यावरच चालते.

या तबकडीवरील आकडे समान अंतरावर नसतात. सुरुवातीला दाटीवाटीने आणि पुढे ऐसपैस असतात. कारण वाफेचा दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत न वाढता उत्तरोत्तर वेगाने वाढतो. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हा आलेख तबकडीवरूनच काढता येईल.

ईथर ३४.६ अंशांना उकळते. इंग्लंडमध्ये उभ्या गाडीत ते द्रवरूपात शांत असते आणि काटा तळाशी टेकलेला. प्रताप नगरात मे महिन्याच्या दुपारी सावलीतच तापमान ४५ अंश असते. त्यामुळे इंजिन सुरू करण्याआधीच ईथरच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाहून जास्त झालेला असतो आणि काटा तळापासून वर उचललेला दिसू शकतो. हा बिघाड नाही. काटा हवेचेच तापमान सांगतो आहे. उलट अशा दुपारी काटा तळाशी निपचित पडलेला असेल, तर बारीक नळी कुठेतरी तुटून ईथर उडून गेले असावे, अशी शंका घ्यावी. त्याची दुरुस्ती अनुभवी कारागिराकडेच द्यावी. ईथरची वाफ अत्यंत ज्वालाग्राही असते.

फळी : श्वास घेणारे लाकूड

बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत प्लायवुडवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हेनियर, चिकटवून फळी बनवत. त्याला भेगा का पडतात?

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या खाली जाते. अशा हवेत लाकडातील ओलावा वजनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर येतो. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते आणि लाकडातील ओलावा सुमारे १५ टक्के होतो. ओलाव्यात एक टक्का फरक पडला की अक्रोडाचे लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जवळपास पाव टक्का आकुंचन किंवा प्रसरण पावते. रेषांच्या दिशेने हा बदल नगण्य असतो. दहा टक्के फरकाला आडवा बदल अडीच टक्के झाला, म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदीला साडेसात मिलिमीटर. प्लायवुडमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे ते फारसे हलत नाही. वरचा पापुद्रा आक्रसू पाहतो, खालचे प्लायवुड त्याला आक्रसू देत नाही. आडव्या दिशेने एक टक्क्याच्या आसपास ताणले गेले की लाकूड फाटते. भेग पडते ती अशी.

यातून दुरुस्तीचा महिना ठरवता येतो. ऐन पावसाळ्यात पापुद्रा चिकटवला तर उन्हाळ्यात तो फाटेल. ऐन उन्हाळ्यात चिकटवला तर पावसाळ्यात फुगून फोड येतील. लाकडातील ओलावा मध्यावर, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास असताना चिकटवले, तर दोन्ही बाजूंचा ताण निम्म्यावर येतो. पाऊस सरल्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, हवा साधारण अशी असते. लाकूड आणि प्लायवुड आठ-पंधरा दिवस त्याच खोलीत ठेवून मगच काम सुरू करावे. मागच्या बाजूलाही तसाच पापुद्रा लावला तर फळी एका अंगाला वाकत नाही.

वरच्या चकाकीचेही असेच आहे. पूर्व विदर्भातील पळसावर लाख तयार होते. तिच्या चपड्यापासून केलेले स्पिरिट पॉलिश घरातल्या लाकडी सामानाला शोभून दिसते. पण लाख पाऊणशे अंशांच्या आसपास मऊ होते, आणि उन्हात उभ्या गाडीची फळी त्या तापमानाच्या जवळ जाते. म्हणून घरातल्या कपाटाला उत्तम ठरणारे पॉलिश इथे चिकट होईल, त्यावर धूळ बसेल. उष्णता व अतिनील किरण सोसणारे, थोडे लवचिक व्हार्निश निवडावे. सर्वांत स्वस्त उपाय मात्र गाडी सावलीत ठेवून काचेवर जाड कापड टाकण्याचा.

मूळ किती, नवे किती?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ‘तुरिन सनद’ स्वीकारली. तिचा आशय असा, की जुने वाहन हा ऐतिहासिक पुरावा आहे. हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा आणि जे केले त्याची नोंद असावी. आमच्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. तबकडीवरचे पिवळेपण, काट्याचा उडालेला रंग हा इतिहास आहे, तो राहू द्यावा. गंजलेला जोड आणि फुटका फुगा हा दोष आहे, तो काढावा. नवा भाग घातलाच तर तो पुन्हा काढता येईल असा घालावा आणि जुना डबीत जपून ठेवावा. एकूण धाव दाखवणारे आकडे मागे फिरवू नयेत. तेही त्या यंत्राचे खरे बोलणेच आहे. सुरुवातीला उघडलेली वही शेवटी गाडीसोबतच ठेवावी, म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला आधी काय झाले ते कळेल.

वर्गात करण्याजोगे

या विज्ञानासाठी गाडी हवीच असे नाही. चार सोपे प्रयोग सुचवतो.

१. ॲल्युमिनियमची हलकी ताटली मध्यभागी दोऱ्याने आडवी टांगा. तिच्याखाली, स्पर्श न करता, जोरदार चुंबक हाताच्या ड्रिलवर फिरवा. ताटली कोणत्या दिशेने फिरते? वेग वाढवल्यावर काय होते? मध्ये पुठ्ठा धरल्यास, म्हणजे वाऱ्याचा झोत अडवल्यास, फरक पडतो का?

२. ट्यूबलाइटच्या जुन्या स्टार्टरचे बाहेरचे डबडे काढा. काचेची कुपी फोडू नका. आत द्विधातू पट्टी दिसेल. एक सेल व टॉर्चचा दिवा जोडून कुपीला दुरून मेणबत्तीची ऊब द्या. दिवा केव्हा लागतो, केव्हा विझतो? स्टार्टरमध्ये उष्णतेने जोड लागतो आणि स्टॅबिलायझरमध्ये सुटतो. असा फरक का ठेवला असेल, यावर चर्चा करा.

३. सुताराकडून व्हेनियरचा वीस सेंटिमीटर चौरस तुकडा आणा. कडक उन्हात वाळवून लांबी-रुंदी मोजा, मग ओल्या फडक्यासह बंद डब्यात दोन दिवस ठेवून पुन्हा मोजा. तुकडा रेषांच्या दिशेने किती बदलला, आडवा किती?

४. सायकलच्या चाकावर खडूची खूण करून दहा फेऱ्यांचे अंतर मोजा. त्यावरून एका किलोमीटरला किती फेऱ्या ते काढा. टायरमधली हवा कमी करून तीच मोजणी पुन्हा करा.

शेवटच्या प्रयोगातून एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. कोणतेही मापक यंत्र आपल्याला हवी ती राशी थेट मोजत नाही. ते दुसरेच काही मोजते आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. वेगाच्या काट्यामागे फेऱ्या आहेत, पेट्रोलच्या काट्यामागे उष्णता, तापमानाच्या काट्यामागे दाब. तो विश्वास कशावर आधारला आहे हे ठाऊक असले, तरच काटा खोटे बोलू लागल्यावर आपल्याला ते ओळखता येते. जुना डॅशबोर्ड हे उघडून दाखवतो. पडद्यावरच्या आकड्यांनाही हाच प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर या फळीने आपले काम केले असे म्हणता येईल.